सायकलवरील सहल आणि कडकोळचा रस्ता

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे घरोघरी एक प्रश्न उभा राहतो. सातआठ वर्षांचे मूल आजोळी रमते, आणि वीस वर्षांच्या तरुणाचे बेत त्याचे त्यानेच ठरविलेले असतात. अडचण होते ती मधल्या वयाची. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींस घरात बसवत नाही, आणि त्यांस एकटे कोठे धाडावे तर आईवडिलांस धीर होत नाही. मग ही दोन महिन्यांची सुट्टी शिकवणीच्या वर्गांत तरी जाते, नाही तर दूरध्वनीच्या लहानशा पडद्यासमोर जाते. या वयाच्या मुलांनी आठदहा जणांची टोळी करून, एकदोन जाणत्यांच्या देखरेखीखाली, चारपाच दिवस सायकलवर प्रवास करावा, हा या प्रश्नाचा एक जुना आणि अनुभवसिद्ध उपाय आहे. तो कसा अमलात आणावा, त्यात धोके कोणते आणि ते टाळावे कसे, याचा आज थोडा विचार करू.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच नवी आहे असे नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे प्रवास पुरा करून १९२८ मध्ये मुंबईस परतले. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा हा प्रवास सुमारे सत्तर हजार किलोमीटरांचा होता. पुढे १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी 'भारत जोडो' यात्रा काढली. वयाच्या बाहात्तराव्या वर्षात पदार्पण करणारे बाबा पाठीच्या कण्याच्या विकारामुळे फार वेळ बसूही शकत नव्हते. ते गाडीत आडवे पडून प्रवास करीत आणि शंभरावर तरुण-तरुणी सायकलवरून कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत पाच हजार किलोमीटरांहून अधिक मजल मारीत. ज्या दिवसांत देशात प्रांत, भाषा आणि धर्म यांवरून मने दुभंगत होती त्या दिवसांत, सायकलवरून संथपणे गावोगाव जाणारा तरुण लोकांस परका वाटत नाही, हे बाबांनी अचूक ओळखले होते. १९८८ मध्ये त्यांनी ईशान्य भारतापासून गुजरातपर्यंत अशीच दुसरी यात्रा नेली.

पाश्चात्त्य देशांत या कल्पनेस संस्थेचे रूप आले ते एका शाळामास्तरामुळे. जर्मनीतील रिखार्ड शिरमान हे आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन पायी सहलींस जात. वाटेत मुलांस रात्री निवारा मिळत नाही ही अडचण त्यांनी १९०९ मध्ये अनुभवली, आणि तीतूनच युवक-वसतिगृहांची कल्पना त्यांस सुचली. १९१२ मध्ये आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात असे पहिले कायमचे वसतिगृह उघडले. अमेरिकेत १९३४ मध्ये इझाबेल आणि मन्रो स्मिथ या शिक्षक दांपत्याने हीच चळवळ सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्यात किशोरवयीन मुलांच्या लहान टोळ्या एका प्रौढ नायकाबरोबर सायकलवर काढण्याचा परिपाठ तेथे रूढ झाला. मुलांनी आपले सामान आपण वाहावे, आपला स्वयंपाक आपण करावा आणि टोळी इतकी लहान असावी की प्रत्येकाचे नाव नायकास पहिल्या संध्याकाळीच पाठ व्हावे, अशी या सहलींची शिस्त होती. आपल्या देशातही युवक-वसतिगृहांची संघटना आहे, आणि तिच्या शाखा पदभ्रमण व सायकल-सहली भरवीत असतात.

आता प्रत्यक्ष एक मार्ग डोळ्यांसमोर ठेवू, म्हणजे विवेचन हवेत राहणार नाही. म्हैसूरहून दक्षिणेस नंजनगूडकडे जो हमरस्ता जातो, त्यावर जवळजवळ अर्ध्या वाटेवर कडकोळ नावाचे गाव आहे. म्हैसूरहून चामराजनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे एक लहान स्थानक. प्रवासी सहसा येथे उतरत नाही. मोटारीतून जाणाऱ्यास तर हे गाव केव्हा आले आणि केव्हा गेले हे कळतही नाही. सायकलवर येणाऱ्या मुलांच्या टोळीस मात्र कडकोळ हे पहिल्या दिवसाचे पहिले मोठे ठिकाण ठरते. शहराची गर्दी मागे पडलेली असते, मंडकळ्ळीचा विमानतळ ओलांडलेला असतो, आणि तासाभराच्या श्रमानंतर पाणी पिऊन दम खाण्याची वेळ झालेली असते.

उन्हाळ्यात हाच मुलूख का निवडावा, याचे उत्तर भूगोलात आहे. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे सत्तर मीटर उंचीवर आहे. विदर्भ-मराठवाड्यात पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो, त्या एप्रिलात येथील दुपार साधारणपणे चौतीस-पस्तीस अंशांवर थांबते आणि पहाट सुखद असते. मात्र याच दिवसांत दुपारनंतर वळवाचा पाऊस गडगडाटासह कोसळतो, आणि मोकळ्या माळावर वीज पडण्याचे भय असते. ऊन आणि वळीव या दोहोंचा निर्णय एकच सांगतो : साडेपाच-सहाला निघावे, दहाच्या आत मुक्कामास पोहोचावे आणि दुपारनंतर सायकलीस हात लावू नये.

पहिला टप्पा म्हैसूर ते नंजनगूड, सुमारे पंचवीस किलोमीटरांचा. नंजनगूडजवळ कबिनी नदी लागते. हिलाच कपिला असेही म्हणतात. या नदीवरील जुना दगडी पूल १७३५ साली बांधलेला म्हणून ओळखला जातो. पुढे आगगाडी आल्यावर अनेक वर्षे रस्ता आणि रूळ या एकाच पुलावरून शेजारी शेजारी जात असत. आज वाहतूक नव्या पुलांवरून होते. गावात श्रीकंठेश्वराचे प्रसिद्ध देवालय आहे. कानडीत 'नंजु' म्हणजे विष, आणि 'नंजुंड' म्हणजे ज्याने विष प्राशन केले तो. आपण ज्यास नीलकंठ म्हणतो तोच हा देव. गावाच्या नावाचा अर्थ मुलांस असा रस्त्यावर कळला म्हणजे तो कायमचा लक्षात राहतो. संतांनी ज्या विठोबास कानडा म्हटले त्याचे भक्त असलेल्या मराठी मुलांस ही भाषा अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही. 'नीरु' म्हणजे पाणी, 'एडगडे' म्हणजे डावीकडे, 'बलगडे' म्हणजे उजवीकडे, एवढ्या शब्दांवर पहिला दिवस सहज निभावतो, आणि तोडकेमोडके कानडी बोलणाऱ्या मुलास पाणी देताना घरची बाई हसून दोन शब्द अधिक शिकविते.

दुसऱ्या दिवशी नंजनगूडहून बेगूरमार्गे गुंडलुपेट. हे अंतर पस्तीस-छत्तीस किलोमीटरांचे असून वाटेत सुमारे दीडशे मीटरची चढण हळूहळू चढावी लागते. या चढणीचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. मुलगा, सायकल आणि सामान मिळून सत्तर किलो वजन धरले, तर ते दीडशे मीटर वर नेण्यास जी शक्ती खर्च होते ती शरीरास साधारण शंभर उष्मांक अन्नातून पुरवावी लागते. शंभर उष्मांक म्हणजे एकदोन केळी! नंजनगूडची 'रसबाळे' ही जात तर नावाजलेलीच आहे. चढण म्हणजे संकट हा समज असा केळ्याने दूर होतो. चढणीने माणूस थकतो तो बहुधा तिच्या उंचीमुळे थकत नाही. सोबत्याच्या बरोबरीने वेगाने जाण्याच्या हट्टाने थकतो.

गुंडलुपेटच्या पुढे बंडीपूरचे अरण्य सुरू होते. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या अरण्यांपैकी हे एक होय. रानटी हत्तींचा येथे मोठा वावर आहे, आणि प्राण्यांच्या रक्षणासाठी २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात येथील हमरस्त्यांवर वाहतुकीस बंदी आहे. मुलांच्या टोळीने या अरण्यातून सायकल चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हत्ती समोर आला तर मोटारीतील माणसाभोवती निदान पत्रा तरी असतो. सायकली गुंडलुपेटास ठेवाव्या आणि तिसरा दिवस बसने बंडीपूर पाहण्यात घालवावा. पायांस विश्रांती मिळते आणि अरण्यही निवांतपणे पाहता येते.

येथवर आलेल्या मुलांस उदकमंडलम खुणावू लागते. मसिनगुडीवरून वर जाणारा कल्हट्टीचा घाट छत्तीस वळणांचा आणि अतिशय उभा आहे. २००८ पासून भरणाऱ्या निलगिरी सायकल-यात्रेतील कसलेले प्रौढ स्वारदेखील तेथे घामाघूम होतात. चढताना फारतर उतरून चालावे लागेल; खरा धोका आहे तो उतारावर. सव्वा हजार मीटर उतरताना सत्तर किलो वजनाची जी शक्ती मोकळी होते तिच्यात दोन लिटरांहून अधिक पाणी उकळेल. त्यातील बराचसा भाग ब्रेकची चार रबरे आणि चाकाच्या कडा यांस सोसावा लागतो. तापलेले रबर पकड सोडते, कड तापून ट्यूब फुटू शकते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या बोटांतील जोरही तोवर संपलेला असतो. म्हणून हा घाट आणखी पाचसहा वर्षांसाठी राखून ठेवावा. चौथ्या दिवशी गुंडलुपेटहून नंजनगूड आणि पाचव्या दिवशी कडकोळवरून म्हैसूर, असे परतावे. एकूण अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आत राहते आणि तेरा वर्षांच्या मुलास ते झेपते.

आता तयारीविषयी. सहलीआधी निदान तीन रविवार सराव हवा : पहिल्या रविवारी दहा किलोमीटर, दुसऱ्या रविवारी वीस आणि तिसऱ्या रविवारी पूर्ण सामानासह पंचवीस. ज्यास हा सराव झाला नाही त्यास प्रेमाने पण ठामपणे मागे ठेवावे. सायकल भारी किंमतीची असण्याची गरज नाही. ती मुलाच्या मापाची मात्र हवी. सीटवर बसून खालच्या पेडलवर टाच टेकली असता पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच असावी. ती याहून खाली असली तर दुसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात. निघण्यापूर्वी दुकानातून चाकांची आऊट काढून घ्यावी, ब्रेकची रबरे नवी बसवावी, चेनला तेल द्यावे. सामान सहासात किलोंपेक्षा अधिक नको, आणि ते पाठीवर न घेता कॅरिअरवर दोन्ही बाजूंस सारखे बांधावे. पाठीवरील पिशवीने घाम कोंडतो आणि तोल वर जातो.

पंक्चर काढणे प्रत्येकास आलेच पाहिजे, मुलींसही आणि मुलांसही. चाक काढून टायर एका बाजूने उचकटावा, ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात बुडवावी, बुडबुडे येतील तेथे खूण करावी, ती जागा कोरडी करून पॉलिशपेपरने घासावी, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत धीर धरावा आणि मग ठिगळ दाबून बसवावे. टायर परत चढविण्यापूर्वी त्यात आतून बोट फिरवून काटा शोधावा. हे विसरले तर शंभर पावलांवर तेच काम पुन्हा करावे लागते. दोन पंप, पान्ह्यांचा एक संच आणि चारपाच सुट्या ट्यूबा एवढे साहित्य टोळीस पुरते.

रस्त्यावरची शिस्त ही या साऱ्या उपक्रमाचा प्राण होय. म्हैसूर-नंजनगूडचा रस्ता केरळाकडे आणि निलगिरीकडे जाणारा हमरस्ता आहे. मालमोटारी आणि बसगाड्या त्यावर वेगाने धावतात. म्हणून टोळी दहाबारांहून मोठी नसावी. पुढे एक जाणता, शेवटी एक जाणता, आणि मध्ये मुले एकामागे एक, दोन सायकलींच्या अंतराने, रस्त्याच्या डाव्या कडेने. पुढच्या जाणत्यास कोणी ओलांडू नये आणि मागच्याच्या मागे कोणी राहू नये. गप्पा मारण्यासाठी शेजारी शेजारी चालविण्याचा मोह सर्वांस होतो. तो मुक्कामासाठी राखावा. पुढच्याने खड्डा दिसताच हात दाखवून ओरडावे आणि ती आरोळी शेवटपर्यंत पोहोचवावी. प्रत्येक वळणावर सर्व जमेपर्यंत थांबावे. डोक्यावर हेल्मेट आणि अंगात भडक रंगाचा सदरा असावाच. वेग ठरवावा तो सर्वांत सावकाश जाणाऱ्याने. हा शेवटचा नियम मुलांस प्रथम अन्यायाचा वाटतो. तिसऱ्या दिवशी, ज्याचे पाय भरून आले त्यास, तो दयेचा वाटू लागतो.

उन्हाविषयी निष्काळजी राहून चालणार नाही. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरावीस मिनिटांनी चारदोन घोट पाणी प्यावे. ताक, मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत किंवा नाचणीची आंबील ही या मुलखातली उत्तम पेये. एखादा मुलगा असंबद्ध बोलू लागला, लडखडू लागला किंवा त्याचे अंग तापून गेले, तर तो उष्माघात समजावा. त्यास सावलीत निजवून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि ११२ हा क्रमांक फिरवून तत्काळ रुग्णालयात न्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

इतकी सावधगिरी सांगितल्यावर पालक विचारतील, 'मग हा धोका पत्करावाच कशाला?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्याच वयाच्या दुसऱ्या वाहनाशी तुलना केल्यावाचून देता येत नाही. सोळाव्या वर्षी मुलगा मोटारसायकल मागतो, आणि पुष्कळ घरांत ती परवान्याविना त्याच्या हाती पडते. २०१९ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा वेळी पालकही शिक्षेस पात्र ठरतात. तरी रस्त्यावरील दृश्य आपण पाहतोच. ज्याने पाच दिवस हमरस्त्याच्या कडेने सायकल चालविली, मालमोटारीचा वारा अंगावर घेतला आणि मागे राहिलेल्या सोबत्यासाठी वाट पाहिली, तो मुलगा पुढे मोटारसायकलवर बसला तरी रस्त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहील. धोका ओळखण्याचे शिक्षण धोक्यापासून सर्वस्वी दूर ठेवून मिळत नाही. ते मापून, जाणत्याच्या सोबतीने द्यावे लागते.

मुलींस पाठवावे काय, अशीही शंका येते. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीने खेड्यातील हजारो स्त्रियांस सायकल शिकविली, आणि पाणी, बाजार, शाळा या साऱ्यांसाठी त्या कोणाची वाट पाहीनाशा झाल्या. टोळीत मुली असल्या तर एक जाणती स्त्री बरोबर असावी, मुक्कामाची व्यवस्था आधी पाहून ठेवावी, आणि मग शंकेस जागा देऊ नये.

या रस्त्यावर आणखी एक गोष्ट शिकावयास मिळते. कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून अनेक वर्षे सरकारी शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांस सायकली दिल्या. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली दूरवरून शाळेस येणाऱ्या गरजू विद्यार्थिनींस सायकली मिळाल्या आहेत. शहरातील मुलगा ज्यास साहस म्हणतो तो खेड्यातील मुलीचा शाळेचा रस्ता असतो. तीही सायकल तीच, ऊनही तेच, आणि मालमोटारीही त्याच. तिच्यापुढे जाणता नाही, मागे जाणता नाही, आणि वाट पाहणारी टोळीही नाही. हे ज्यास एकदा दिसले तो घरी परतल्यावर आपल्या साहसाच्या गोष्टी काहीशा नरम आवाजात सांगतो.

ज्यांस म्हैसूरपर्यंत जाणे शक्य नाही त्यांनी आपल्या गावापासून पंचवीस किलोमीटरांचे वर्तुळ नकाशावर काढावे. त्यात एखादी नदी, एखादा जुना पूल, एखादे देऊळ आणि पाणी देणारे एखादे घर सापडेलच. पहिल्या वेळी अर्ध्या वाटेवरील गावापर्यंत जाऊन परतले तरी पुष्कळ झाले. कडकोळसारखी गावे सर्वत्र आहेत. आईवडिलांनी निघण्याच्या आदल्या दिवशी मुलांसह बसून त्यांची नावे कागदावर उतरवावी, कोणत्या वेळी कोठे पोहोचावयाचे ते शेजारी लिहावे, आणि तो कागद टोळीच्या नायकाजवळ द्यावा.